गॅलरीतली टकटक

दिवाळी अंकात बॅटरीवर लिहायचे म्हणजे फराळाच्या ताटात खिळे वाढण्यासारखे आहे, असे आमच्या सौ.चे मत आहे. पण या सदरात आपण वर्षभर घरातल्याच गोष्टी बोलत आलो आहोत, आणि यंदा आमच्या घरात चकलीच्या भाजणीपेक्षाही जास्त बोलले गेले ते बॅटरीविषयी. त्यातून मी जे शिकलो ते एकट्यापाशी ठेवणे बरे नव्हे. तेव्हा वाचकहो, करंजीचा घास घेत घेत ऐका.

आम्ही कसबा पेठेत राहतो. कसबा गणपती आणि तांबट आळी दोन्ही हाकेच्या अंतरावर. वाडा जाऊन इमारत उभी राहिली आणि वरच्या मजल्यामुळे गच्ची आमच्या डोक्यावर आली. २०२४ साली केंद्र सरकारने घरगुती सौर छपरांसाठी नवी योजना जाहीर केली. दोन किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटमागे तीस हजार आणि तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या छपराला एकूण अठ्ठ्याहत्तर हजार रुपये अनुदान. पेठेत जो तो गच्चीकडे बघू लागला. पुण्याच्या उन्हात एक किलोवॅटची पॅनेल वर्षभराच्या हिशेबाने दिवसाला सरासरी चार युनिट देतात, हे गणित वाण्यापासून वकिलापर्यंत सर्वांना तोंडपाठ झाले.

मात्र या गणितात एक गोम आहे. ज्या छपराची वीज सरळ रस्त्यावरच्या तारेला जोडलेली असते, ते छप्पर रस्त्यावरची वीज गेली की भर उन्हातही बंद पडते. तसे ते मुद्दामच केलेले असते. नाहीतर खांबावर चढलेल्या कामगाराला वाटायचे तार मेली आहे, आणि आपल्या छपराने ती जिवंत ठेवलेली असायची. आम्हाला तर वीज गेल्यावरचीच काळजी होती. आमच्या आईला रात्री प्राणवायूचे यंत्र लागते. म्हणून अनुदानाचा मोह सोडून आम्ही दोन किलोवॅटची पॅनेल, एक इन्व्हर्टर आणि दीडशे अँपिअर-तासाच्या शिशाच्या दोन बॅटऱ्या घेतल्या. जोडणी चोवीस व्होल्टची. बॅटऱ्या बसल्या मागच्या गॅलरीत, जिथे पूर्वी पाण्याचा हंडा असे.

पहिले चार महिने सौख्याचे गेले. वैशाखात बिल इतके उतरले की ते मी पाहुण्यांना दाखवू लागलो. माणसाला बचतीची चटक लागली की तो थांबत नाही. इन्व्हर्टरच्या पुस्तिकेत मला एक कलम सापडले. घराला वीज कोणत्या क्रमाने द्यायची ते आपण ठरवू शकतो. बसवणाऱ्या माणसाने लावलेला क्रम होता आधी सूर्य, मग रस्त्याची वीज आणि शेवटी बॅटरी. मी तो बदलून आधी सूर्य, मग बॅटरी आणि अगदीच नाइलाज झाला तर रस्त्याची वीज असा केला. रस्त्याच्या विजेने बॅटरी भरण्याची सोयही बंद करून टाकली. विकतच्या विजेने बॅटरी कशाला भरायची? शिवाय तेवीस व्होल्टला बॅटरी सोडून रस्त्याच्या विजेवर जायचे आणि सत्तावीसला परत यायचे, असे जे दोन आकडे होते, त्यांतला सत्तावीस मी चोवीसवर आणला. म्हणजे बॅटरीवर लवकर परत येता येईल! हे सारे मी कोणाला न विचारता, रविवारी दुपारी, चहाचा कप हातात धरून केले.

आषाढ लागला आणि टकटक सुरू झाली.

रात्री घर निजले की गॅलरीतून आवाज येई, टक्. पाच मिनिटांनी पुन्हा टक्. पाल असेल म्हणून मी आधी दुर्लक्ष केले. सौ. म्हणाल्या, "अहो, पाल इतकी वक्तशीर नसते." जाऊन पाहिले तर इन्व्हर्टर घराला बॅटरीवरून रस्त्याच्या विजेवर आणि तिथून परत बॅटरीवर टाकत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी पॅनेलवर ढग असताना त्याच इन्व्हर्टरवर 'बॅटरी भरली' असा हिरवा दिवा! रात्री रिकामी आणि दुपारी ढगातही भरलेली. पंचांगातही असा योग नसेल. मी बसवणाऱ्याला दूरध्वनी केला. "पावसाळ्यात होतं असं, साहेब," एवढे सांगून त्याने तो ठेवला. मलाही तेच ऐकायचे होते.

श्रावणातल्या एका रात्री अडीच वाजता वीज गेली. यंत्र बॅटरीवर आले, म्हणून मी कूस बदलली. सातव्या-आठव्या मिनिटाला सारे घर एकदम गप्प झाले. त्या शांततेत आईच्या यंत्राची धोक्याची शिट्टी तेवढी वाजत होती. मी विजेरी शोधत असताना सौ.नी अंधारातच पलंगामागचे सिलिंडर ओढले, चावी फिरवली आणि नळी बदलली. चाळीस मिनिटांनी दिवे आले. तोवर आम्ही दोघे आईच्या दोन बाजूंना बसून तिचा श्वास मोजत होतो. कोणी काही बोलले नाही. पहाटे चहा देताना सौ.नी एकच प्रश्न विचारला.

"ही बॅटरी आपण कशासाठी घेतली होती?"

उत्तर मला ठाऊक होते आणि म्हणूनच ते देता आले नाही.

त्या दिवसापासून चिरंजीवांनी शंभर पानी वही घेतली. टक् झाली की वेळ लिहायची, इन्व्हर्टरवरचे व्होल्ट लिहायचे आणि त्या वेळी घरात काय चालू होते तेही लिहायचे. वाचकहो, कोणतेही यंत्र बिघडले की आधी पान्याला हात लावू नका, वहीला लावा. तीन दिवसांत वही बोलू लागली. शीतकपाट सुरू झाले की आकडा झपकन तेवीसच्या खाली जाई आणि टक्. भार उतरला की बॅटरी दम घेई, आकडा आपोआप चोवीसच्या वर चढे आणि पुन्हा टक्. दमलेला माणूस पायरीवर बसला की दोन मिनिटांत बरा दिसतो, म्हणून त्याच्या डोक्यावर परत पोते द्यावे, तसे मी त्या बॅटरीचे केले होते. सत्तावीसचा आकडा करणाऱ्याने विचार करून ठेवला होता. खरोखर भरल्याशिवाय बॅटरी तिथवर पोचत नाही. मी जाण्या-येण्याच्या दोन आकड्यांमधले अंतरच खाऊन टाकले होते.

पण ढगातल्या हिरव्या दिव्याचा उलगडा वहीने केला नाही. तो केला शेजारच्या काकांनी. त्यांचे आयुष्य तांबट आळीत मठारकाम करण्यात गेले आहे. तांब्याच्या भांड्यावर एकसारखे ठोके देणारा तो हात आता थरथरतो, पण नाक शाबूत आहे. आईला भेटायला आले होते, ते गॅलरीत थबकले.

"तापलेल्या तांब्याचा वास येतोय रे," काका म्हणाले. "जोड कुठंतरी सैल आहे."

बॅटरीच्या टोकाला तारेचा तांब्याचा लग नटाने आवळलेला असतो. त्यावर पांढरट-निळसर बुरशीसारखे काहीतरी जमले होते. आम्ही समजत होतो पावसाळ्यातली ओल. ते होते आम्लाने खाल्लेले शिसे आणि तांबे. चिरंजीवांनी शीतकपाट चालू असताना मल्टिमीटर थेट बॅटरीच्या टोकांवर धरला. तिथे साडेचोवीस आणि इन्व्हर्टरवर तेवीस. मधले दीड व्होल्ट त्या एका जोडात उष्णता होऊन जात होते. बॅटरी वीज देत असली की इन्व्हर्टरला ती आहे त्याहून रिकामी दिसे. उलट ती भरत असली की तोच फरक उलटा पडे. ती आहे त्याहून भरलेली दिसे आणि भरणे वेळेआधीच आवरते घेतले जाई. हिरवा दिवा खोटे बोलत नव्हता, त्याला खोटे सांगितले जात होते.

दुसऱ्या दिवशी एका जाणत्या वायरमनला बोलावले. त्याने आधी पॅनेलचा खटका पाडला, मग इन्व्हर्टर आणि रस्त्याच्या विजेचा खटका बंद केला. हातातली अंगठी काढली, चष्मा चढवला, आधी ऋण टोक सोडले आणि मग धन. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून टोके घासली, पण सोड्याचा थेंब बॅटरीच्या झाकणातून आत जाऊ दिला नाही. खराब लग कापून नवा दाबून बसवला, नट आवळला, वर व्हॅसलीनचा हात फिरवला. बॅटरीत डिस्टिल्ड पाणीही कमी होते. सारे मिळून काम तासाभराचे.

टकटक थांबली. जोड दुरुस्त झाला होता, पण क्रम अजून माझाच होता. ढगाळ दिवशी पहाटेपर्यंत बॅटरी उतरलेलीच सापडे. तेव्हा मी कागद घेऊन बसलो. दोन बॅटऱ्यांत कागदोपत्री तीन युनिट आणि साठ शतांश. शिशाची बॅटरी टिकवायची तर त्यातली निम्मीच वापरावी, म्हणजे एक युनिट ऐंशी शतांश. आईचे यंत्र साधारण सव्वातीनशे वॅट घेते. वाटेतली घट धरली तर चार-साडेचार तासांची सोय. आणि ती सोय मी रोज संध्याकाळी शीतकपाट आणि दूरदर्शन यांना वाटून टाकत होतो! बरे, त्यात कमाई तरी किती? बॅटरीत शंभर घातले की सत्तर-ऐंशी परत येतात आणि प्रत्येक भरण्या-उतरण्याने तिचे आयुष्य कमी होते ते वेगळेच. महिन्याच्या चाळीस-पन्नास युनिटांसाठी मी हजारो रुपयांच्या बॅटऱ्या झिजवत होतो. आणि आईचा आधारही.

हे सारे मी आईला सांगितले. तिला व्होल्ट कळत नाहीत, पण ती हसली. १९६१ च्या जुलैत पानशेत फुटले तेव्हा ती याच जागी, जुन्या वाड्यात, वर्षापूर्वीच आलेली सून होती. पूर ओसरला तरी कित्येक दिवस दिवे नव्हते.

"तेव्हा आमच्या सासूबाईंचा नेम होता," आई म्हणाली. "कंदिलात रॉकेल संध्याकाळीच भरायचं. वापरला नाही तरी भरलेला ठेवायचा. अंधार झाल्यावर रॉकेल शोधू नये रे."

त्याच संध्याकाळी मी पुस्तिका काढली. आधी सूर्य, मग रस्त्याची वीज, शेवटी बॅटरी. परत येण्याचा आकडा सत्तावीस. ऊन कमी पडले तर रस्त्याच्या विजेने बॅटरी भरून घ्यायची मुभा. या वेळी सौ.ना शेजारी बसवून एकेक आकडा वाचून दाखवला. बिल थोडे वाढले आहे. पाहुण्यांना दाखवत नाही.

ज्यांच्या घरी अशी बॅटरी आहे त्यांना माझे एवढेच सांगणे. ती वारंवार उतरू-चढू लागली तर बॅटरी मेली असे धरून चालू नका. आधी चार दिवस वही लिहा. मग टोकांवरचे आणि इन्व्हर्टरवरचे व्होल्ट ताडून पाहा. जोड जाणत्याकडून तपासून घ्या. जाण्याचा आणि येण्याचा आकडा यांत पुरेसे अंतर आहे ना ते बघा. महिन्यातून एकदा मुद्दाम खटका पाडून आपली सोय किती वेळ चालते ते घड्याळ लावून मोजा. आणि सर्वांआधी, बॅटरी बचतीसाठी आहे की अडचणीसाठी, हे घरातल्या सर्वांनी बसून ठरवा. आपण सांगू तेच यंत्र करते.

आणखी एक. दिवाळी आहे. भरताना शिशाच्या बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. तेव्हा तिच्याजवळ पणती नको, उदबत्ती नको आणि फुलबाजी तर नकोच. यंदा आमच्या मागच्या गॅलरीत दिवा लागणार नाही. तिथला कंदील भरलेला आहे, तेवढे पुरे.