मस्तक कीं धड? एका चिमुकल्या मोटारीची शस्त्रक्रिया

जुन्या वाड्याची भिंत पाडावयाची असली तर आपल्याकडील मिस्त्री फारसा घाबरत नाहीं. वाड्याचा भार लांकडी खांब आणि तुळया यांनीं पेललेला असतो. मधली भिंत ही बहुधा त्या चौकटींतील भरण असते. ती काढली तरी माडी जागच्या जागीं राहते. परंतु ज्या घराला खांबच नाहींत, जेथें छपराचें ओझें विटांच्या भिंतींवरच टेकलेलें आहे, तेथें एक खिडकी रुंद करावयाची म्हटली तरी शहाणा मिस्त्री आधीं वर पाहतो, टेकू मागवितो आणि मगच हातोडा उचलतो. घर कशावर उभें आहे हें ओळखल्यावांचून त्याला हात लावूं नये, एवढाच याचा मथितार्थ. आजचा विषय मोटारीचा असला तरी वाचकांनीं हा दाखला ध्यानांत ठेवावा. पुढें तो उपयोगीं पडणार आहे.

विषय निघाला तो एका वाचक कुटुंबाच्या पत्रावरून. त्यांचा मुलगा इंग्लंडांत नोकरीस आहे. त्यानें तेथें एक जुनी 'मिनी' मोटार विकत घेतली असून तिचें पुढचें अंग कापून तींत होंडा या जपानी कारखान्याचें इंजिन बसविण्याचा त्याचा बेत आहे. यावरून घरांत तट पडले आहेत. आजोबांस हा एका नामांकित वस्तूचा विध्वंस वाटतो. काकांचें म्हणणें, गाडी त्याची, पैसा त्याचा. आपण कोण बोलणार? मातोश्रींची काळजी मात्र अगदीं सरळ आहे : कापून जोडलेल्या गाडींत बसून मुलगा सुखरूप घरीं येईल ना? तिन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. म्हणून क्रमानें विचार करूं.

प्रथम ही मिनी म्हणजे काय तें पाहिलें पाहिजे. १९५६ सालीं सुएझ कालव्याचा तंटा झाला आणि ब्रिटनमध्यें पेट्रोल मोजून मिळूं लागलें. थोड्या तेलांत चालणारी, आकारानें लहान, परंतु चार माणसांस नीट बसतां येईल अशी गाडी काढावी, असें ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड यांनीं ठरविलें आणि तें काम अलेक इसिगोनिस या कल्पक इंजिनियराकडे सोंपविलें. २६ ऑगस्ट १९५९ रोजीं ती गाडी लोकांपुढें आली. लांबी जेमतेम दहा फूट, चाकें दहा इंचांचीं, इंजिन ८४८ घनसेंटिमीटरचें आणि त्याची शक्ति ३४ अश्वबळ. एवढ्याशा डबींत चार माणसें बसविण्यासाठीं इसिगोनिस यांनीं युक्ति काय केली? इंजिन उभें न ठेवतां आडवें ठेविलें आणि गिअरची पेटी त्याच्या शेजारीं न बसवितां त्याच्या पोटाखालीं, त्याच्याच तेलांत बसविली. लोखंडी स्प्रिंगांऐवजीं अलेक्स मोल्टन यांनीं योजलेले रबरी शंकु घातले. त्यामुळें गाडीच्या एकंदर जागेपैकीं सुमारें ऐंशी टक्के जागा माणसें व सामान यांस मिळाली. पुढें याच गाडीनें माँटे कार्लोची अवघड शर्यत १९६४, १९६५ आणि १९६७ या वर्षीं जिंकली. ऑक्टोबर २००० मध्यें शेवटची गाडी कारखान्यांतून बाहेर पडली, तोंवर ५३ लाखांहून अधिक मिनी गाड्या तयार झाल्या होत्या. तेव्हां आजोबांच्या मनांतील आदर अस्थानीं नाहीं, हें उघड आहे.

मग अशा गाडीचें इंजिन बदलावयाचें कशाला? तिचें मूळ इंजिन ज्या घराण्यांतलें, तें घराणें १९५१ सालीं ऑस्टिनच्या एका लहान गाडीबरोबर जन्मास आलें. तें काटक खरें, पण आतां वृद्ध झालें आहे. उलट होंडाचें सोळाशें घनसेंटिमीटरच्या आसपासचें जें इंजिन हौशी लोक मिनींत घालतात, त्याची जपानांतील आवृत्ति १६० अश्वबळ देते, म्हणजे पहिल्या मिनीच्या जवळजवळ पांचपट. मूळ मिनीचें वजन सहाशें किलोच्या आसपास. इतक्या हलक्या गाडीला इतकें बळ मिळालें म्हणजे ती कशी धांवत असेल, याची कल्पना करावी. आणि तरुण मुलाचें मन तिकडे कां ओढ घेतें, हेंही समजून घ्यावें.

अडचण येते ती रुंदीची. मिनींत इंजिन आणि गिअर हीं एकावर एक ठेविलेल्या दोन ट्रंकांसारखीं असतात; होंडाच्या इंजिनांत त्याच ट्रंका शेजारीं शेजारीं असतात. उंचीचा प्रश्न थोडा, पण आडवी जागा पुरत नाहीं. म्हणून बॉनेटखालील दोन्ही बाजूंचे आंतले पत्रे कापावे लागतात. पुढचें नाक कित्येक जण कांहीं इंच पुढें ओढतात, किंवा तें सुटें करून बोल्टांवर बसवितात. इंजिन आणि चालकाचे पाय यांमध्यें जी पत्र्याची आडवी भिंत असते तिलाही कोठें कोठें खोबण करावी लागते. धुराची नळी जाड झाली म्हणजे गाडीच्या बुडाशीं असलेला तिचा बोगदा मोठा करावा लागतो. शिवाय जुना पुढचा आधार-सांगाडा काढून त्याच्या जागीं पोलादी नळ्यांचा नवा सांगाडा येतो, आणि चाकांस गति देणारे दांडेही नव्या मापाचे घ्यावे लागतात.

येथें वाड्याचा दाखला आठवावा. पूर्वींच्या मोटारींना खालीं मजबूत पोलादी चासी असे. वरचा डबा हा केवळ तिच्यावर ठेविलेला असे. तो डबा कापला तरी गाडीचा कणा शाबूत राही. मिनीला अशी स्वतंत्र चासी नाहीं. जेमतेम मिलिमीटरभर जाडीचे पत्रे घड्या घालून, एकमेकांस डाग देऊन जो डबा केलेला असतो, तोच तिचा कणा आणि तीच तिची कातडी. अंड्याचें कवच पातळ असूनही बळकट असतें तें त्याच्या अखंड आकारामुळें. तसाच हा प्रकार. त्यांतही पुढील आधार-सांगाड्याचे दोन बुरूज वर त्या आडव्या भिंतीतील पोकळ तुळईस बोल्टांनीं जखडलेले असतात आणि रस्त्याचे धक्के रबरी शंकूंतून याच ठिकाणीं येऊन पोंचतात. तेव्हां त्या भिंतीजवळ करवत चालविणें म्हणजे तुळईखालची वीट काढणें होय. ती काढतां येत नाहीं असें नव्हे; पण टेकू दिल्यावांचून काढतां येत नाहीं.

हें काम जाणते कारागीर कसें करितात तें सांगतों. ते आधीं पेट्रोलची टांकी आणि बॅटरी गाडींतून बाहेर काढतात, कारण ठिणग्या उडतात तेथें तेलाची वाफ नसावी. मग डबा सपाट आधारांवर ठेवून दरवाजांच्या मोकळ्या चौकटींत आडवे-तिरके पोलादी दांडे तात्पुरते जोडतात, म्हणजे पुढचा भाग कापल्यावर चौकट वांकत नाहीं. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कर्णाचीं मापें घेऊन लिहून ठेवितात. नवें इंजिन प्रत्यक्ष जागीं धरून पाहतात, पुठ्ठ्याचे नमुने कापतात आणि लागेल तेवढाच पत्रा काढतात. नवा तुकडा प्रथम लहान टांक्यांनीं धरवून मापें पुन्हां ताडून पाहतात आणि पक्का सांधा मागून करितात. तोही एका दमांत नव्हे. पातळ पत्रा तापला कीं आकसतो आणि वेडावांकडा होतो, म्हणून थोडा येथें, थोडा तेथें, मध्यें निवूं देऊन. जेवढें बळ कापून काढलें तेवढें दुहेरी पत्रा किंवा नळी घालून परत द्यावयाचें, आणि शेवटीं प्रत्येक कापलेल्या कडेस गंजप्रतिबंधक रंग लावावयाचा. मिनीला गंजाचें वैर जुनें आहे. दाराखालचे उंबरे आणि मागचा आधार-सांगाडा हीं तिचीं दुखरीं ठिकाणें. वरून चकचकीत दिसणारा पत्रा कापला असतां आंत नुसती तपकिरी भुकटी सांपडते, असा अनुभव पुष्कळांस येतो.

एवढ्यानें काम संपत नाहीं. पहिल्या मिनीला चारी चाकांस सात इंचांचे ढोल-ब्रेक होते. ३४ अश्वबळाला ते पुरत. परंतु वेग दुप्पट झाला म्हणजे थांबवितांना जिरवावी लागणारी शक्ति चौपट होते, हा शाळेंतील पदार्थविज्ञानाचा धडा येथें प्राणाशीं गांठ घालतो. म्हणून मोठे चकती-ब्रेक हवेत. ते दहा इंचांच्या चाकांत मावत नाहींत. म्हणून बहुधा तेरा इंचांचीं चाकें आलीं. तीं मूळच्या पंखांखालीं मावत नाहींत. म्हणून पंख रुंद करणें आलें. संसारांत एक खर्च दुसऱ्या खर्चाचें बोट धरून येतो तसेंच हें. जो केवळ इंजिनाचाच हिशेब करितो त्याचें काम पुष्कळदां अर्ध्यावर अडतें, आणि कापलेली गाडी वर्षानुवर्षें ताडपत्रीखालीं पडून राहते.

आतां आजोबांच्या आक्षेपाकडे वळूं. इतकें सारें बदलल्यावर ती गाडी तीच राहिली काय? आपल्या वाङ्मयांत हा प्रश्न फार जुना आहे. 'कथासरित्सागरां'तील वेताळाच्या एका कथेंत देवीच्या देवळांत एका स्त्रीचा पति आणि बंधु आपलीं मस्तकें स्वहस्तें उतरवून ठेवितात. देवीच्या वरानें तीं जोडतांना ती गोंधळून एकाचें मस्तक दुसऱ्याच्या धडावर ठेविते. दोघे जिवंत होतात. मग पति कोणता? राजा उत्तर देतो, ज्याच्या धडावर पतीचें मस्तक तोच पति, कारण सर्व अवयवांत मस्तक श्रेष्ठ.

ब्रिटनच्या वाहन-नोंदणी कार्यालयानें मात्र कित्येक वर्षें याच्या नेमका उलट निवाडा केला होता. फार बदललेल्या गाडीस तिचा जुना नोंदणी-क्रमांक ठेवूं द्यावा कीं नाहीं, हें ठरविण्यासाठीं तेथें गुण देण्याची पद्धति होती. मूळ चासी किंवा अखंड डबा यास पांच गुण; धक्के झेलणारी योजना, आंस, गिअर व सुकाणू यांस प्रत्येकीं दोन; आणि इंजिनाला फक्त एक! चौदांपैकीं आठ गुण मिळाले तर गाडी तीच, एरवीं ती नव्यानें तपासून घ्यावी लागे. म्हणजे मस्तक बदललें तरी चालेल, धड मात्र शाबूत पाहिजे. ऑगस्ट २०२५ मध्यें त्या नियमांत फेरबदल झाला आहे. तरी मुलानें पहिली कड कापण्यापूर्वींच त्या कार्यालयाकडून आपल्या गाडीविषयीं लेखी खुलासा मागवावा हें उत्तम.

मला हा दुसरा निवाडा अधिक सयुक्तिक वाटतो. मनुष्याचें मन मस्तकांत असेल; पण गाडीची ओळख तिच्या देहांत असते. रस्त्यांतून जाणाऱ्या मिनीकडे पाहून मुलें हंसतात तीं तिच्या इंजिनाकडे पाहून नव्हे. आणि आजोबांना आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. स्वतः इसिगोनिस यांनाही करवतीचें वावडें नव्हतें. मिनीच्या आधीं त्यांनीं मॉरिस मायनर ही गाडी योजिली होती. तिच्या वंशांतली 'बेबी हिंदुस्थान' पुढें आपल्याकडेही निघाली. १९४८ सालीं ती गाडी बाजारांत येण्याच्या थोडें आधीं ती त्यांना अरुंद वाटूं लागली. तेव्हां नमुन्याची गाडी त्यांनीं लांबीनें मधोमध चिरविली, दोन्ही भाग डोळ्यांस बरे दिसेपर्यंत दूर सरकविले, आणि चार इंच रुंदी वाढविली. बॉनेटच्या मध्यावरची पट्टी ही त्या शस्त्रक्रियेची खूण म्हणून कायम राहिली. कापणें हें स्वतः पाप नव्हे. काय कापतों आणि कशासाठीं, यावर तें ठरतें.

आपल्याकडील तरुणांनीं मात्र हें वाचून करवत शोधूं नये. १९८८ च्या मोटर वाहन कायद्याचें ५२ वें कलम कारखानदाराच्या मूळ वर्णनाशीं विसंगत असे फेरबदल करूं देत नाहीं, आणि सर्वोच्च न्यायालयानेंही २०१९ मध्यें तेंच स्पष्टपणें सांगितलें आहे.

तर मग पत्र लिहिणाऱ्या कुटुंबास माझें सांगणें असें. ती मिनी जर आरंभींच्या वर्षांतील, निर्दोष पत्र्याची, मूळ इंजिनासह असेल, तर आजोबांचें ऐकावें. तशी गाडी पुन्हां घडवितां येणार नाहीं. पण तिचें पुढचें अंग आधींच गंजानें खाल्लें असेल, तर पत्रा कापावाच लागणार आहे, आणि मुलाच्या हातून तिला दुसरा जन्म मिळत असेल तर त्यास मोडता घालूं नये. जुनें इंजिन व निघालेले सुटे भाग मात्र चिठ्ठ्या बांधून जपून ठेवावे. काकांचें म्हणणें निम्मेंच खरें आहे : गाडी त्याची असली तरी रस्ता सर्वांचा आहे.

आणि मातोश्रींनीं मुलास रागें न भरतां चार प्रश्न विचारावे. कापण्यापूर्वीं डब्याला टेकू देणार आहेस काय? सांधे कोण जोडणार, आणि जोडणाऱ्याखेरीज दुसरा कोणता जाणता माणूस ते तपासणार? इंजिनाच्या आधीं ब्रेकांचा पैसा बाजूस काढला आहेस काय? विमा कंपनीस सर्व बदल लेखी कळविणार आहेस ना? मुलाजवळ या चारांचीं उत्तरें तयार असलीं तर त्यांनीं निर्धास्त मनानें आशीर्वाद द्यावा. एकाचेंही उत्तर "बघूं पुढें" असें आलें, तर तें उत्तर येईपर्यंत करवत भिंतीवर टांगून ठेवण्यास सांगावें. त्याला राग येईल. पण आई विचारते आहे ती गाडीबद्दल नव्हे, हें त्याला समजल्यावांचून राहणार नाहीं.