‘फक्त पार्टीपुरतं’ कोकेन

“मी काही व्यसनी नाही. कधीतरी, तेही मित्रांबरोबर.” कोकेन घेणाऱ्या तरुणांचं हे नेहमीचं वाक्य. तुम्हीही असंच म्हणत असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

कोकेन म्हटलं की आपल्याला खंगलेला, घरदार सुटलेला माणूस आठवतो. प्रत्यक्षात सुरुवात बहुधा विशीत होते, हातात पैसा आल्यावर, ओळखीच्याच माणसाकडून. एम्सने केंद्र सरकारसाठी केलेली पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या अंदाजानुसार भारतात कोकेन घेणारे सुमारे १०.७ लाख, म्हणजे ०.१ टक्का, दारू पिणारे मात्र १४.६ टक्के.

हे दोन आकडे मी मुद्दाम शेजारी ठेवले. कोकेनकडे जाणारी वाट बऱ्याचदा दारूच्या टेबलावरूनच जाते. कमी वयात सुरू झालेली दारू, सिगारेट किंवा गांजा, एका बैठकीत भरपूर पिणं, कोकेन घेणारे मित्र, उतावळा स्वभाव, उपचार न झालेलं नैराश्य या गोष्टी असल्या तर शक्यता वाढते. व्यसन लागेलच असं नाही. पण सावध व्हायची वेळ हीच. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: पालकांनो, खिशात पुडी शोधण्याआधी मुलाच्या पिण्याबद्दल मोकळेपणाने बोला.

आता ‘कधीतरी’बद्दल. कोकेनमुळे हृदयाच्या रक्तवाहिन्या आकसतात, ठोके आणि रक्तदाब वाढतो. एका अमेरिकन अभ्यासात कोकेन घेतल्यानंतरच्या पहिल्या तासात हार्ट अटॅकचा धोका सुमारे २४ पट आढळला. सोबत दारू असेल तर यकृतात कोकाएथिलीन तयार होतं. ते शरीरात जास्त वेळ टिकतं आणि हृदयावरचा ताण आणखी वाढवतं. हृदय काही शनिवार-रविवार पाहत नाही.

कोकेन घेतल्यावर छातीत दुखलं, तर घरी थांबू नका. १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना खरं सांगा. अशा वेळी बीटा ब्लॉकरसारखी नेहमीची औषधं आम्ही शक्यतो टाळतो. तुम्ही लपवलंत, तर आम्हाला ते कळणार कसं?

हे व्यसन सोडवणारी खात्रीची गोळी अजून नाही. पण समुपदेशनाने अनेकजण बाहेर पडतात. १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन मोफत आहे. ‘मी व्यसनी आहे का?’ याचं उत्तर मिळण्याची वाट न पाहता फोन करा.