आधी माणसे, मग नकाशा

पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने ऑगस्ट २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रारूप विकास आराखडा राज्य सरकारने २०२५ मध्ये रद्द केला. सहा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक प्रदेशाचे भवितव्य ठरविणारा हा दस्तऐवज. तळेगाव दाभाड्याच्या शिवेलगतची मावळातील गावे त्यात होती. साठ हजारांहून अधिक हरकती आल्या, सुनावण्या झाल्या, चार वर्षे गेली आणि अखेरीस सारा खटाटोप मातीमोल झाला.

हरकतदारांस समाधान वाटले असेल. ते स्वाभाविक आहे. परंतु आराखडा नसणे हा काही लोकांचा विजय नव्हे. तळेगाव आणि चाकण येथील औद्योगिक वसाहतींमुळे या भागाची वस्ती वाढतच आहे. रस्ता, पाणी, सांडपाणी, शाळा यांची तजवीज आज झाली नाही, तर उद्या तिला जागाच उरणार नाही. नियोजनाच्या अभावाचा लाभ शेतकऱ्यास होत नाही. तो होतो शेताचे तुकडे पाडून विकणाऱ्यास.

मग दोष कोठे आहे? १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात लोकांचे म्हणणे ऐकण्याची तरतूद आहे. पण तिची वेळ येते नकाशा तयार होऊन प्रसिद्ध झाल्यावर. एखाद्याच्या वडिलार्जित जमिनीवर आरक्षणाचा रंग चढतो आणि मग त्यास विचारले जाते, ‘तुझी हरकत आहे काय?’ आराखडा अमलात आल्यावर दहा वर्षे जमीन संपादिली गेली नाही, तर कलम १२७ अन्वये नोटीस देण्याचा हक्क त्यास मिळतो. तोवर ती जमीन ना धड त्याची, ना धड सरकारची. अशा अवस्थेत येणारी हरकत ही सूचना नसते, तो आक्रोश असतो. शेजारच्या पिंपरी-चिंचवड महापालिकेचा प्रारूप आराखडा मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हाही हरकतींची संख्या सुमारे पन्नास हजारांवर गेली. हा योगायोग नव्हे. ही पद्धतीची परिणती आहे.

लोकांस विचारीत बसल्यास कामे रखडतात, असा युक्तिवाद अधिकारीवर्ग नेहमी करितो. मावळचा अनुभव नेमका उलट आहे. पवना धरणातून बंद नळाने पाणी नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे आंदोलन झाले, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकऱ्यांचे प्राण गेले. त्या योजनेवरील स्थगिती उठण्यास सप्टेंबर २०२३ उजाडावा लागला. घाईने बारा वर्षे गमावली. आणि गेलेले जीव तर परत येणारे नव्हतेच.

शंभर वर्षांपूर्वी हिंदुस्थानातील अनेक शहरे पायी पाहणारे आणि पुढे १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकविणारे पॅट्रिक गेडिस यांचा आग्रह एवढाच होता, की उपचाराआधी निदान व्हावे. कोणत्या ओढ्याला पावसाळ्यात पूर येतो, कोणत्या पायवाटेने मुले शाळेत जातात, हे उपग्रहाच्या छायाचित्रापेक्षा गावातील वृद्धास अधिक ठाऊक असते.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. नव्याने आराखडा करताना पहिली रेघ ओढण्यापूर्वी प्रत्येक गावात ग्रामसभा आणि नागरी भागात प्रभागसभा घ्यावी. नकाशे सोप्या मराठीत, गट क्रमांकांसह, चावडीवर लावावेत. हरकत फेटाळल्यास तिचे कारण लेखी द्यावे. आरक्षण बदलल्यास ते का आणि कोणाच्या मागणीवरून बदलले, हेही जाहीर करावे. यांपैकी एकाही गोष्टीस कायद्याची आडकाठी नाही. वाण आहे ती इच्छेची.

सरकारला चार शब्द सुनावताना सुशिक्षित नागरिकांसही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. आपल्या भूखंडावरून रेघ जाईपर्यंत नकाशाकडे ढुंकूनही न पाहणे, हा आपल्या वर्गाचा जुना दोष आहे. शेजाऱ्याचे मैदान गेले तेव्हा आपण गप्प राहिलो, तर आपल्या अंगणावर रंग चढेल तेव्हा सोबतीला कोण येणार? गावाचा नकाशा हा साऱ्या गावाचा सातबारा आहे. त्यावर अधिकाऱ्याची सही होण्यापूर्वी तो वाचणे हा जसा आपला हक्क आहे, तसेच ते आपले कर्तव्यही आहे.