पावसाची परीक्षा आणि पाववाल्याची सायकल

धीमी लोकल / मुलुंडकर

गाडी उभी करायची, तिची वीजयंत्रणा चालू ठेवायची आणि चहूबाजूंनी तिच्यावर पाणी मारायचं. पूर्ण 120 सेकंद. मग पाणी बंद करून आणखी 120 सेकंद नुसतं बघत बसायचं. या चार मिनिटांत वीजगळतीवर नजर ठेवणाऱ्या यंत्राने बोंब मारली, की गाडी बाजूला घ्या, काय भिजलं ते शोधा आणि पुन्हा रांगेत या. तोवर ट्रॅकचं तोंड बघायला मिळत नाही. फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेतल्या विजेवरच्या गाड्यांची ही ‘रेन टेस्ट’. 26 जुलै 2005ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झेललेल्या शहरातल्या पोरांना ती हातचा मळ वाटावी, असा आपला माझा समज. प्रत्यक्षात भल्याभल्यांना तिथे घाम फुटतो. चार रुपयांची एक रबरी रिंग नीट बसलेली नसते आणि लाखोंची गाडी जागच्या जागी उभी राहते.

आपल्या उपनगरांत गाड्या बांधणाऱ्या अशा विद्यार्थी टीमा बऱ्याच आहेत. शेजारच्या इमारतीतला मुलगा रात्री दोनला ग्रीस लागलेल्या टी-शर्टात घरी येतो तेव्हा तो तिकडूनच आलेला असतो, हे मात्र आपल्या गावी नसतं. पवईच्या आयआयटीची ‘आयआयटी बॉम्बे रेसिंग’ गेल्या दशकाच्या सुरुवातीलाच विजेकडे वळली, म्हणजे रस्त्यावर हिरव्या नंबरप्लेटी दिसू लागण्याच्या कितीतरी आधी. त्यांची 2016ची ‘ऑर्का’ 3.47 सेकंदांत शून्यावरून ताशी 100 किलोमीटरवर जाते, असं तेव्हा सांगितलं गेलं आणि ती इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनला स्पर्धेसाठी गेली. विद्याविहारच्या के. जे. सोमय्या अभियांत्रिकी महाविद्यालयात फॉर्म्युला गाडीची ‘ओरायन रेसिंग इंडिया’ आहे आणि कमीत कमी ऊर्जेत जास्तीत जास्त लांब जाण्याच्या शर्यतीसाठी झटणारी ‘टीम ईटा’ आहे. विलेपार्ल्याच्या द्वारकादास संघवी कॉलेजची ‘डीजेएस रेसिंग’ आहे. पुढे बोरिवलीपर्यंत कुठे गो-कार्ट, कुठे खडकाळ वाटेवर उड्या मारणारी, बाहा स्पर्धेची बग्गी. पावसाळ्यात कॉम्प्युटरवर डिझाइन, दिवाळीच्या सुट्टीत गाळ्यांच्या चकरा आणि स्पॉन्सरांच्या दारात उभं राहणं, मग जानेवारीच्या सुमाराला टेम्पोत गाडी घालून कोइमतूरच्या ट्रॅकवर फॉर्म्युला भारतसाठी रवानगी. वर्षाचं गणित साधारण असं.

एका गुरुवारी दुपारी अशाच एका टीमबरोबर मी साकीनाक्याच्या एका गाळ्यात गेलो होतो. टीमचं आणि कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण पोरांनी लेक्चर बुडवलं होतं. काम होतं चाकाच्या अपराइटचं. ज्यात बेअरिंग बसतं आणि ज्याच्यावर सगळं सस्पेन्शन लटकतं, तो ॲल्युमिनियमचा भाग. ड्रॉइंग देखणं होतं, रंगीत प्रिंट काढलेलं. गाळ्यातल्या चाचांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद दाराशी उजेडात नेला आणि विचारलं, “बेटा, हे सब जगह पॉइंट झीरो वन काहे को?” मुलांनी प्रत्येक मापापुढे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची अचूकता मागितली होती. सॉफ्टवेअरमध्ये ती एका क्लिकवर मिळते. यंत्रावर मात्र तिचे पैसे पडतात आणि वेळही पडतो. चाचांनी पेन्सिलने दोन वर्तुळं काढली. बेअरिंग बसतं ते भोक आणि बोल्ट आवळतात तो पृष्ठभाग. एवढंच मापात, बाकी मोकळं सोडा. भाव जवळजवळ अर्ध्यावर आला.

टीममध्ये तिसऱ्या वर्षाची एक मुलगी होती, सस्पेन्शन तिच्याकडे. परत येताना रिक्षात ती म्हणाली, “काका, टॉलरन्सवर आम्हाला अख्खा धडा होता. वायवाला मी उत्तरही बरोबर दिलं होतं.” मग खिडकी नसलेल्या त्या रिक्षातून बाहेर बघत राहिली. मला विचाराल तर त्या दुपारी तिचं इंजिनीअरिंग सुरू झालं.

म्हणून या टीमांबद्दल माझं मत पक्कं आहे. मुंबईत इंजिनीअरिंगचं सर्वांत चांगलं शिक्षण आज वर्गात मिळत नाही, जर्नल उतरवून काढण्यात तर नाहीच. ते कॉलेजच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मिळतं. तिथे वेल्डिंग चुकलं की प्रयोगाचा निष्कर्ष बदलून लिहिता येत नाही. अपघात झाला असं धरून चालकाने 5 सेकंदांत गाडीबाहेर पडून दाखवायचं असतं, आणि तो सीट-बेल्टशी झटापट करत बसला तर परीक्षकांपुढे कुणाची ओळख चालत नाही.

पण ‘पर्यावरणपूरक’ हे जे लेबल या गाड्यांवर लावलेलं असतं, त्याच्याबद्दल मी इतका खात्रीने बोलणार नाही. माहितीपत्रकात, अनावरणाच्या कार्यक्रमात, स्पॉन्सरला पाठवलेल्या पत्रात हा शब्द पहिल्या ओळीत असतो. स्पर्धेच्या गुणपत्रिकेत तो कुठे आहे ते बघा. फॉर्म्युला स्टुडंटच्या 1,000 गुणांपैकी ऊर्जा किती काटकसरीने वापरली याला 100च्या आसपास गुण. उरलेले प्रवेग, वळणं, दमसास, डिझाइन, खर्चाचा हिशेब यांना. दमसासाची शर्यत 22 किलोमीटरची, म्हणजे चर्चगेट ते अंधेरी. तेवढं अंतर कापण्यासाठी बांधलेली गाडी एक हंगाम धावते, कधी विमानाने परदेशी जाऊन येते आणि मग शेडच्या कोपऱ्यात तिच्यावर पुढच्या बॅचच्या सॅक ठेवल्या जातात. शर्यतीची गाडी म्हणून ती उत्तमच आहे. तिला पर्यावरणाची सेवा म्हणू नये.

कमी ऊर्जेत लांब जाण्याच्या त्या शर्यतीचं, म्हणजे इको मॅरेथॉनचं, प्रकरण वेगळं आणि जास्त गमतीचं. तिचं मूळ 1939मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉयला शेल तेल कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या माणसांनी आपसात लावलेल्या पैजेत आहे. तेवढ्याच पेट्रोलवर सगळ्यात लांब कोण जातो? आजच्या स्वरूपातली स्पर्धा 1985ला फ्रान्समध्ये सुरू झाली आणि 2018ला चेन्नईला भारतातही भरली. तेल विकणाऱ्याने तेल वाचवण्याची शर्यत भरवावी याचं हसू येतं. तरी त्या शर्यतीने काय काय शिकवलं ते नाकारता येत नाही. 2005मध्ये झुरिकच्या विद्यार्थ्यांची हायड्रोजनवरची गाडी लिटरभर पेट्रोलमध्ये जेवढी ऊर्जा असते तेवढ्यात 5,385 किलोमीटर जाईल, इतकी काटकसरी निघाली. अर्थात तिच्यात चालक आडवा पडून असतो आणि त्याच्याकडे डबासुद्धा नसतो. याच स्पर्धेत ‘अर्बन कन्सेप्ट’ नावाचा दुसरा गट आहे. त्यात बसायला सरळ सीट, दिवे, सामानाला जागा आणि थांबत थांबत चालण्याची अट. वेग ताशी 25 किलोमीटरच्या आसपास. संध्याकाळी सातला एलबीएस मार्गावर हा वेग कुणाला मिळाला तर त्याने पेढे वाटावेत.

विजेची गाडी धूर सोडत नाही हेही अर्धंच खरं. पश्चिम उपनगरांना कित्येक वर्षं ज्या केंद्रांतून वीज आली त्यांत डहाणूचं 500 मेगावॉटचं औष्णिक केंद्र आहे, आणि ते कोळशावर चालतं. आमच्या मुलुंड-भांडुपला महावितरणची वीज, तिच्यातही कोळसाच जास्त. बोरिवलीत प्लग लावला की थोडा धूर डहाणूच्या चिमणीतून निघतो. तरी पेट्रोलचं इंजिन बहुतेक ऊर्जा उष्णतेत घालवतं आणि मोटर ती चाकापर्यंत पोचवते, शिवाय साकीनाक्याच्या सिग्नलला उभ्या असलेल्या पोराच्या नाकाशी धूर येत नाही. एवढ्यावर मी विजेच्या बाजूने आहे.

खरी अडचण कॉलेजच्या फाटकावर आहे. केंद्रीय मोटर वाहन नियमांतल्या 126व्या नियमाप्रमाणे नवं वाहन आधी मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावं लागतं, पुण्याची एआरएआय त्यांतलीच. ते सोपस्कार झाल्याशिवाय अंधेरीचा एमएच-02 मिळत नाही, की बोरिवलीचा एमएच-47. नियम योग्यच आहे, रस्त्यावर कुणीही काहीही आणलेलं मला चालणार नाही. पण त्यामुळे होतं असं, की उपनगरातली सर्वांत हुशार मुलं वर्षानुवर्षं जी वाहनं बांधतात, त्यांतलं एकही उपनगरातल्या रस्त्याला लागत नाही.

याच नियमांत एक फट आहे आणि ती पुरेशी रुंद आहे. बॅटरीवरच्या दुचाकीची मोटर 250 वॅटच्या आत आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत असेल आणि तपासणी संस्थेने तसं प्रमाणित केलं असेल, तर कायद्याच्या लेखी ती मोटर वाहनच नाही. नोंदणी नको, नंबरप्लेट नको. पेडल मारता मारता मोटरची मदत घेणारी सायकल यात बसते.

आता पहाटे साडेपाचला असल्फ्याच्या चढणीवर जाऊन उभे राहा. पाववाला सायकल ढकलत वर येताना दिसेल. मागे लाद्यांनी भरलेली पेटी, हँडलला दोन पिशव्या, पायात स्लीपर. अंधेरी स्टेशनाबाहेर सकाळी डबेवाले. त्यांच्या सायकलीला डबे इतके लटकलेले असतात, की पेडलला पाय कसा पोचतो हे कोडंच. इडलीवाला, चहावाला, दूधवाला. उपनगराचा नाश्ता सायकलीवर येतो, आणि ती सायकल माझ्या आजोबांच्या काळापासून आहे तशीच आहे. तिच्या सस्पेन्शनचा कुणी विचार केलेला नाही.

या सायकलीला मोटरची मदत द्यायची तर तिच्या अटी लिहून काढा. चढणीवर भार घेऊन शून्यावरून उचललं पाहिजे. दर पन्नास पावलांवर थांबणं. जुलैत दिवसभर भिजूनही गळती नाही, म्हणजे रेन टेस्ट रोजच. बॅटरी काढून खोलीत नेता आली पाहिजे, पाच ॲम्पिअरच्या साध्या प्लगवर चार्ज झाली पाहिजे, आणि जिथे सहा माणसं झोपतात त्या खोलीत तिने पेट घेता कामा नये. अर्ध्या युनिटची बॅटरी असली तरी पाववाल्याची सकाळ भागते. किंमत त्याला परवडली पाहिजे, ही सगळ्यात अवघड अट. ज्या मुलांना 600 व्होल्टच्या आतला बॅटरी पॅक, त्याची बीएमएस म्हणजे बॅटरी सांभाळणारी यंत्रणा, त्याचं गरम होणं नि थंड करणं तोंडपाठ आहे, त्यांना हे जमणार नाही असं मला कुणी सांगू नये. पेडल आणि मोटर एकत्र चालवणाऱ्या वाहनांची ‘एफीसायकल’ नावाची विद्यार्थी स्पर्धाही आपल्याकडे आहे. म्हणजे मैदान तयार आहे, फक्त या स्पर्धेला सिल्व्हरस्टोनची चमक नाही.

चमक हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. स्पॉन्सर येतो तो गाडीच्या नाकावर आपला लोगो दिसावा म्हणून. पाववाल्याच्या पेटीवर लोगो रोज हजार लोकांना दिसेल, हे अजून कुठल्या मार्केटिंगवाल्याच्या डोक्यात आलेलं दिसत नाही. सरकारचंही तेच. जानेवारी 2025मध्ये उच्च न्यायालयाने हवेच्या प्रश्नात लक्ष घातल्यावर पेट्रोल-डिझेलच्या गाड्या हटवता येतील का हे बघायला राज्याने समिती नेमली, आणि त्याच वर्षी आलेल्या नव्या धोरणात विजेच्या मोटारींना अटल सेतूवर टोलमाफी मिळाली. अटल सेतूवर दुचाकी चालत नाही, मग सायकलीची काय कथा.

कॉलेजांकडे दोन मागण्या आहेत. शेडमधल्या कामाला श्रेयांक द्या. स्वायत्त कॉलेजांना तेवढी मोकळीक आहे, आणि टीमच्या कॅप्टनला एटीकेटी लागणं ही नित्याची गोष्ट आहे हे स्टाफरूममध्ये सगळ्यांना माहीत असतं. दुसरी, जुन्या बॅचचं शहाणपण टिकवा. चौथ्या वर्षाची मुलं प्लेसमेंटला लागली की त्यांच्याबरोबर निम्मं ज्ञान निघून जातं आणि नवी टीम जुन्याच रबरी रिंगेपाशी पुन्हा अडकते. शर्यत बंद करा असं मी अजिबात म्हणत नाही. शर्यतीची हाव नसेल तर रात्री दोनपर्यंत कोण थांबेल? टीममधल्या पाच-सहा जणांनी एक वर्ष सायकल घ्यावी, एवढंच मागणं आहे.

आणि वाचकांकडे एक. साकीनाका, मरोळ, भांडुप, मुलुंड या पट्ट्यात तुमचा गाळा असेल, लेथ किंवा आर्गन वेल्डिंगचं काम असेल, तर जवळच्या कॉलेजला कळवा, की शनिवारी दुपारी दोन तास दार उघडं आहे. पैसे जरूर घ्या. फक्त ड्रॉइंग बघून पेन्सिलने ती दोन वर्तुळं काढायला विसरू नका.