प्रमाणपत्र शाबूत, साइट उघडी

सरकारी वेबसाइटच्या कामाच्या निविदेत ‘सेफ टू होस्ट’ प्रमाणपत्राशिवाय पान हलत नाही. सर्ट-इन या केंद्राच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या पॅनेलवरचा ऑडिटर ते देतो आणि खाली सहसा एक ओळ असते: कोड बदलला की प्रमाणपत्र गैरलागू. झाले! ऑडिट उरकताच बाबू बजावतो, ‘आता वर्षभर कशाला हात लावू नका’, आणि आपली मंडळी खुशाल ऑटो-अपडेट बंद करतात. सुरक्षिततेच्या कागदापायी सुरक्षिततेचाच पॅच अडतो. शिवाजी नगरातल्या वेबसाइट बनवणाऱ्या छोट्या दुकानांना सरकारी काम सोडून चालत नाही, हे मान्य. पण अट न वाचता सही कोण करते?

पुण्याच्या ब्रेनस्टॉर्म फोर्सचे शुअरट्रिगर्स, म्हणजे आताचे ऑटोकिट, आठवा. लाखभर वर्डप्रेस साइटींवरचे हे प्लगइन. १.०.७८ पर्यंत त्यात सीक्रेट की रिकामी आहे का, एवढीच तपासणी राहून गेली होती. प्लगइन चालू करून जोडणी ‘नंतर बघू’ म्हणून सोडली असेल, तर साठवलेली की रिकामी, हल्लेखोराच्या हेडरमधलीही रिकामी. दोन्ही जुळल्या आणि लॉगिनशिवाय नवा अ‍ॅडमिन तयार. ३ एप्रिल २०२५ ला १.०.७९ आली, पुढच्या आठवड्यात छिद्र जाहीर झाले आणि पॅचस्टॅकच्या नोंदीप्रमाणे चार तासांत हल्ले सुरू झाले. म्हणजे दुरुस्ती आठवडाभर हाताशी होती. त्याच महिन्यात अधिकारवाढीचे दुसरे छिद्र १.०.८३ ने बुजवावे लागले. वरच्या अटीप्रमाणे चालायचे तर एका एप्रिलमध्ये दोन फेरऑडिट, दोन बिले, दोन फायली!

बदललेल्या कोडवर भरवसा नको, हे ऑडिटरांचे म्हणणे अगदीच पोकळ नाही. जून २०२४ मध्ये सोशल वॉरफेअरसह काही प्लगइनांत घुसवलेला घातक कोड वर्डप्रेसच्या अधिकृत भांडारातूनच बाहेर पडला होता. पण त्यावर उपाय अपडेट गोठवणे हा नव्हे. दोन आवृत्त्यांतला फरक वाचा, स्टेजिंगवर चालवा, त्याच दिवशी लाइव्ह करा, बदलाची नोंद ऑडिटरला धाडा. सुरक्षा-पॅच फेरऑडिटच्या अटीतून वगळल्याचे कलम करारातच घालून घ्या. निविदापूर्व बैठकीत गप्प बसून नंतर कुरकुरू नका.

आणि ज्यांच्या साइटी एप्रिल २०२५ पासून गोठलेल्या आहेत, त्यांनी नुसती आवृत्ती वाढवून सुटका मानू नये. आधीच तयार झालेला अ‍ॅडमिन अपडेटनंतरही तिथेच राहतो. आज वापरकर्त्यांची यादी उघडा, अ‍ॅडमिन मोजा, अनोळखी नाव दिसले की लॉग जपून ठेवून सहा तासांच्या आत सर्ट-इनला कळवा. मग ते खाते काढा, अ‍ॅप्लिकेशन पासवर्ड रद्द करा आणि ‘नंतर बघू’ म्हणून बसवलेली प्लगइने डिलीट करा.