रुपेरी कवचाखालची जमीन

अमेरिकेत मोटारीमागे ओढावयाचा जुना प्रवासी ट्रेलर विकत घेऊन स्वहस्ते त्याचा जीर्णोद्धार करण्याचा छंद ज्यांना जडला आहे, त्यांच्या उत्साहाविषयी पूर्ण आदर बाळगूनही असे म्हणणे प्राप्त आहे की, त्यांपैकी पुष्कळांना हवा असतो प्रवास आणि ते पदरात पाडून घेतात सुतारकाम.

या मोहाचे मूळ ॲल्युमिनियममध्ये आहे. वॉली बायम यांच्या ‘एअरस्ट्रीम’ कंपनीने 1936 साली विमानाच्या धडाप्रमाणे रिव्हेटांनी सांधलेला ‘क्लिपर’ बाजारात आणला, आणि 1969 साली चंद्रावरून परतलेल्या अंतराळवीरांना ज्या फिरत्या कक्षात विलग ठेवले, तोही याच कंपनीचा फेरफार केलेला ट्रेलर होता. अशा थोर कुळाचा मोबदला विक्रेते अर्थातच सव्याज वसूल करतात. ॲल्युमिनियमचे पत्रे लोखंडासारखे गंजत नसल्यामुळे दशकानुदशके परसात पडून राहिलेला ट्रेलरही पॉलिशचा हात फिरताच आरशासारखा झळकू लागतो. परंतु त्या कवचाखाली पोलादाचा सांगाडा आणि त्यावर साध्या प्लायवूडची जमीन असते, व खिडक्यांच्या सांध्यांतून झिरपलेले पाणी भिंतींच्या पोकळीतून उतरून नेमके तिच्या कडांत मुरते. त्या कडा कुजल्या आहेत काय हे ताडण्यासाठी मागच्या बंपरवर उभे राहून जोर द्यावा; बंपर खाली जाऊन कवच जागच्या जागीच राहिले, तर कवच आणि सांगाडा यांची फारकत झाली आहे असे खुशाल समजावे. ही जमीन त्या दोहोंच्या मध्ये दाबून बसविलेली असल्यामुळे ती बदलावयाची म्हणजे ओटा, बिछाने, कपाटे सारे उपसावे लागते, आणि प्रसंगी अख्खे कवच उचलून बाजूस ठेवावे लागते. मालकीचा दस्तऐवज विक्रेत्याच्याच नावे आहे काय आणि त्यावरील क्रमांक ट्रेलरवरील क्रमांकाशी जुळतो काय, हेही पैसे मोजण्यापूर्वीच पाहिलेले बरे.

ज्यांना काम हाच आनंद वाटतो त्यांना माझी हरकत नाही. मात्र त्यांनी चकचकीत ट्रेलरापेक्षा एखाद्या हताश मालकाने आतून पार रिकामा करून अर्धवट टाकलेला ट्रेलर घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे, कारण तेथे झाकलेले काही उरत नाही आणि घासाघीस करण्यास जागा राहते. फक्त खोक्यांत भरून ठेवलेले सामान तपशीलवार मोजून घ्यावे, विशेषतः खिडक्यांच्या काचा; 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धातील काही ट्रेलरांच्या वक्र काचा आज सहजी मिळत नाहीत.