साहेबांची उडीद डाळ

प्रोजेक्टर घ्यायचा तर खोक्यावरचा आकडा वाचून घेऊ नये. खोलीच्या खिडक्या मोजून घ्यावा. हे मत मी उदगिरात ज्याला त्याला ऐकवतो. त्यामुळे हल्ली ओळखीचे दाळमिलवाले मला पाहून रस्ता ओलांडतात.

आमचे अप्पा तुरीची दाळमिल चालवतात. मिल वाढवायला कर्ज हवे होते, बँकेचे साहेब येणार होते. "तोंडानं सांगितलेलं कोन ऐकायलंय आता? पडद्यावर दावावं लागतंय," म्हणून अप्पांनी प्रोजेक्टर आणला. खोक्यावर नऊ हजार ल्यूमेन आणि '४के सपोर्टेड'! दुकानदाराने शटर ओढून तो दाखवला होता. शटर ओढल्यावर काडीपेटीची काडीसुद्धा झगझगते. एरवी तूर घेताना हेच अप्पा मूठभर दाणे उन्हात नेऊन पाहतात.

एप्रिलची दुपार. पश्चिमेच्या तीन खिडक्या सताड उघड्या, कारण बंद केल्या तर साहेब घामाने विरघळायचे. पिवळीधमक डाळ पडद्यावर पांढरीफटक उमटली. साहेबांनी मान वाकडी करून विचारले, "उडीद का हो?"

यात साहेबांचा दोष नाही. प्रोजेक्टरला उजेड टाकता येतो, अंधार टाकता येत नाही. चित्रातला काळा रंग म्हणजे यंत्राने उजेड न टाकता सोडलेली जागा. तिथे खिडकीतले ऊन येऊन बसले, की काळा पांढरा होतो आणि पिवळ्याला उठाव कुणाच्या जिवावर येणार? त्यात अप्पांची हौस दांडगी. पडदा लांबी-रुंदीने दुप्पट. म्हणजे तोच उजेड चौपट जागेवर. तेवढ्याच वरणात पाणी ओतून चौपट पाहुणे जेवू घालण्यातला प्रकार!

आणि ते आकडे? आन्सी ल्यूमेन असेल तर पडद्याचे नऊ भाग करून प्रत्येकात उजेड मोजतात आणि सरासरी काढतात. नुसत्या 'ल्यूमेन'ला असा मापाडी असेलच असे नाही. '४के सपोर्टेड' म्हणजे यंत्र तेवढे बारीक चित्र आत घेते. बाहेर टाकते ते आपल्या ऐपतीप्रमाणे. पंगतीत पन्नास जिलब्या वाढून घेतल्या म्हणजे खाल्ल्या, असे होत नाही.

"मग महागातला घ्यायचा काय?" अप्पा चिडून म्हणाले. मुळीच नाही. आधी जाड पडदे शिवा, दोन पंखे लावा, पडदा लहान करा. मग दुकानदाराला दुपारी दोन वाजता, यंत्रासकट, आपल्याच खोलीत बोलवा. येत नसेल तर चहाचे पैसे वाचले. १७६० साली याच उदगिरात सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवले, ते काही खोक्यावरचा आकडा दाखवून नव्हे. (पुढच्या वर्षी पानिपत झाले ते वेगळे; पण अप्पांनी नेमके तेच काढले.)

शेवटी अप्पांनी परातीत डाळ आणून खिडकीशी धरली. साहेब म्हणाले, "अरे वा, तूर!" पण तोवर कारकुनाने कागदावर 'उडीद' लिहिले होते. ते बदलायला आता नवा अर्ज लागतो म्हणे.